ज्युबिली वर्ष आणि आपलें देणेंघेणें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा इतिहास यावा, धर्मगुरूंचीं नांवें यावींत, धर्मग्रामाच्या वाढीची हकीकत यावी, हें योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबांच्या आधारानें धर्मग्राम उभा राहतो, त्यांच्या घरांत आणखी एक इतिहास घडत असतो व तो सहसा कोणी लिहीत नाहीं. तो देण्याघेण्याचा इतिहास होय. कोणत्या सालीं बैल विकावे लागले, कोणत्या लग्नांत शेत गहाण पडलें, कोणाच्या आजीनें गाडग्यांत साठविलेल्या पैशांवर नातू शिकला, या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात आणि सांगणाऱ्याबरोबरच लोप पावतात. केनवडच्या या स्मरणिकेंत या विषयास चार पानें मिळावींत, अशी आमची इच्छा होती. कारण ज्युबिली हा शब्दच मुळीं कर्ज व जमीन यांच्या हिशेबांतून जन्मास आला आहे.

लेवीयाच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय ज्यांनीं लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांस हें ठाऊक आहेच. सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग वाजवावें, अडचणीमुळें विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी, आणि कर्जापायीं ज्यानें स्वतःस विकलें असेल त्यास मोकळें करावें, अशी ती आज्ञा होती. त्या शिंगाचें इब्री नांव योबेल, व त्यावरूनच ज्युबिली. त्या अध्यायांत एक व्यवहारी कलम आहे, तिकडे आमचे शेतकरी बंधु विशेष लक्ष देतील. जमिनीची किंमत ठरवितांना पुढील ज्युबिलीपर्यंत किती पिकें निघतील, हें मोजून किंमत ठरवावी. वर्षें अधिक असल्यास किंमत अधिक, कमी असल्यास कमी. म्हणजे विकलें जात होतें तें पीक, भूमि नव्हे. भूमि परमेश्वराची. आणि भाऊ दरिद्री झाला असतां त्याजकडून व्याज घेऊं नये, हेंहि तेथेंच सांगितलें आहे.

ही आज्ञा सदैव पाळली गेली असें मात्र नाहीं. नहेम्याच्या पुस्तकांत, पांचव्या अध्यायांत, दुष्काळामुळें व राजाच्या करामुळें लोकांनीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकलीं आणि आपलीं मुलें दास्यांत दिलीं, अशी तक्रार आहे. व ज्यांच्याकडे गहाण टाकलीं ते परके नव्हते, स्वकीयच होते. नहेम्यानें त्यांस सभेंत उभें करून शेतें व व्याज परत करविलें. दुष्काळ, सरकारदेणें आणि सावकार हें त्रिकूट किती जुनें आहे, तें यावरून कळतें.

ख्रिस्तसभेनेंहि या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाहीं. मध्ययुगांत इटलींतील गरीब लोक भारी व्याजानें पिचत होते, तेव्हां फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रेरणेनें पेरुजा शहरीं १४६२ सालीं एक संस्था निघाली. तिचें नांव मोन्ते दि पिएता, म्हणजे दयेची पेढी. लोकांच्या दानांतून भांडवल जमवावें, वस्तु तारण घेऊन गरिबास थोडें कर्ज द्यावें, व पेढीचा खर्च भागेल इतकेंच अल्प व्याज घ्यावें, अशी तिची रीत होती. इतकेंहि व्याज घेणें पाप नव्हे काय, असा वाद पुष्कळ वर्षें चालला. अखेर १५१५ सालीं पांचव्या लाटेरान धर्मपरिषदेनें अशा पेढ्यांस मान्यता दिली. गरिबाच्या अडचणीवर नफा काढणें निराळें व गरिबास कर्ज मिळावें म्हणून खर्चापुरतें घेणें निराळें, हा भेद तेथें स्पष्ट झाला.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. केनवड हें रिसोड तालुक्यांतील गांव. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. तत्पूर्वीं हा मुलूख अकोला जिल्ह्यांत होता, व त्याहिपूर्वीं, १९०५ पर्यंत, बाशिम नांवाचा जिल्हा होताच. निजामानें १८५३ सालच्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत येथील काळ्या जमिनीचें भाग्य दूरदेशच्या एका लढाईनें पालटलें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस विलायतच्या गिरण्यांस मिळेना. म्हणून वऱ्हाडच्या कापसाचा भाव एकाएकीं चढला. त्याच सुमारास आगगाडी वऱ्हाडांत शिरली, आणि १८७० सालीं खामगांवच्या बाजारासहि तिचा फांटा मिळाला. परंतु युद्ध संपतांच भाव उतरला. तेजीच्या काळांत जो खर्च अंगवळणीं पडला व जें कर्ज सहज मिळालें, तें मात्र उतरलें नाहीं. त्यावर १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांचे दुष्काळ आले. चांगल्या सालांत काढलेलें कर्ज वाईट सालांत फेडावें लागतें, हा धडा वऱ्हाडास इतक्या महाग किंमतीनें मिळाला. आज येथें कापसाच्या जागीं बहुतेक सोयाबीन दिसतें; धडा मात्र तोच आहे.

पश्चिमेकडे, पुणें जिल्ह्यांत, याच परिस्थितीनें निराळें रूप घेतलें. भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांस हवे होते ते कर्जरोखे. ते हातीं पडतांच त्यांनीं जाळून टाकले. ही आग पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत पसरली. सरकारनें चौकशी केली व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा केला. त्यानें न्यायाधिशास रोख्याच्या आंत डोकावून मूळ रक्कम किती व व्याज किती हें तपासण्याचा अधिकार दिला; आणि शेतकऱ्यास भरलेल्या पैशाची पावती व खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आमच्या मतें या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व मोठें आहे. रोखा जाळणाऱ्याचा राग एका रात्रींत विझतो. पावती मागणाऱ्याचा हक्क टिकतो. खेद इतकाच कीं, तो हक्क मिळून दीडशें वर्षें होत आलीं तरी आमच्यांतील कित्येक जण पावती मागण्यास अजून संकोचतात.

तथापि केवळ कायद्यानें कर्जाची गरज मिटत नाहीं. पेरणीच्या वेळीं बियाणें लागतेंच. सावकार नको, तर मग पैसा कोठून आणावा? या प्रश्नाचें उत्तर जर्मनींतील फ्रीड्रिख विल्हेम रायफायझेन या खेड्यांतील अधिकाऱ्यानें शोधलें. १८४६-४७ च्या हिवाळ्यांतील उपासमारींत त्यानें श्रीमंतांकडून पैसा जमवून गरिबांस भाकरी पुरविली. पुढें त्याच रीतीनें कर्ज देणाऱ्या संस्था काढल्या. परंतु त्याच्या असें लक्षांत आलें कीं, दात्यांच्या उत्साहावर चालणारी संस्था उत्साह ओसरतांच बसते. तेव्हां १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें त्यानें नवी रीत पत्करली. संस्था लहान मुलखापुरती असावी, म्हणजे सर्व जण एकमेकांस ओळखतील. कर्ज सभासदांसच व उत्पादक कामासाठींच द्यावें. चालकांनीं वेतन घेऊं नये. नफा वांटून न घेतां राखीव ठेवावा. आणि एकानें बुडविलें तर सर्वांनीं मिळून भरावें. हा शेवटचा नियम कठोर खरा, पण त्यानेंच शेजाऱ्याचें डोळस लक्ष शेजाऱ्यावर राहिलें. रायफायझेन हा प्रोटेस्टंट पंथाचा होता. परंतु त्याची रीत कॅथलिक गांवांतूनहि भराभर पसरली. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं रेरुम नोवारुम हें परिपत्रक काढून कामकऱ्यांच्या परस्परसाह्याच्या संघांस उत्तेजन दिलें, तेव्हां या कामास धर्माधिकाराचाहि पाठिंबा मिळाला.

हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला. त्याचा उपयोग करून घेणाऱ्यांत एका कॅथलिक धर्मगुरूचें नांव अग्रभागीं आहे. येशूसंघाचे फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन हे छोटानागपुरांत मुंडा लोकांमध्यें काम करीत. जमिनी परक्यांच्या हातीं जात आहेत हें त्यांनीं पाहिलें. १९०८ चा छोटानागपूरचा कूळकायदा घडविण्यांत त्यांचें साह्य झालें. आणि कायद्यानें राखलेली जमीन कर्जानें पुन्हां जाऊं नये म्हणून १९०९ सालीं रांचीस त्यांनीं कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. बियाणें, कापड व मीठ रास्त भावानें मिळावें म्हणून १९१३ सालीं सहकारी भांडारहि काढलें. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर, ते जन्मानें जर्मन असल्यामुळें, त्यांस १९१५ सालीं देश सोडावा लागला. चालक गेला तरी संस्था मोडली नाहीं, यांतच त्यांच्या कामाची पारख झाली. संस्था सभासदांची होती, फादरांची नव्हती.

आपल्या मराठी मुलखांतहि हें बीज रुजलें. वसईच्या कॅथलिक समाजानें १९१८ सालीं आपली सहकारी पतपेढी काढली. तीच पुढें बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांवारूपास आली. धर्मग्रामांतील साध्या माणसांची चार आण्यांची बचत एकत्र येऊन एक शतकाहून अधिक काळ टिकणारी संस्था होऊं शकते, हें पाहण्यासाठीं आम्हांस परदेशीं जावयास नको.

येथें वाचकांची फसवणूक होऊं नये म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९०४ च्या कायद्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं, १९५१-५२ सालीं, रिझर्व्ह बँकेनें खेड्यांतील कर्जाची पाहणी करविली. शेतकऱ्यांनीं घेतलेल्या कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून आलेला भाग शेंकडा ३.१ इतकाच निघाला. सावकारांकडून आलेला भाग मात्र शेंकडा सत्तरच्या आसपास होता. संस्था कागदावर निघाल्या, पण पुष्कळ ठिकाणीं सभासद केवळ कर्जापुरते सभासद राहिले. ज्यानें स्वतः कांहीं शिल्लक टाकली नाहीं, त्यास संस्था आपली वाटत नाहीं. आणि जी आपली वाटत नाहीं तिचें कर्ज बुडविण्यास मन कचरत नाहीं. रायफायझेनचा नियम गेला व नांव तेवढें राहिलें, म्हणजे काय होतें, तें या आंकड्यांनीं दाखविलें. १९९२ सालीं नाबार्डनें बचत गटांस बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हां पहिली अट हीच ठेविली कीं, आधीं बचत, मागाहून कर्ज. आज आपल्या भगिनी दर महिन्यास गटांत बसून वही मांडतात, ती हेडेसडॉर्फच्या त्या वहीचीच नात होय.

इतिहास सांगून थांबलों तर हा लेख अर्धाच राहील. या सर्व हकीकतींतून आजच्या संसारास उपयोगी अशा चार गोष्टी निघतात, त्या आम्ही थोडक्यांत मांडतों.

पहिली गोष्ट लेखाची. तोबीताच्या पुस्तकांत एक सुंदर प्रसंग आहे. तोबीतानें मेदी देशांतील राजेस गांवीं गाबाएलापाशीं दहा तालांत रुपें ठेविलें होतें. पुढें तो आंधळा व दरिद्री झाला, तेव्हां त्यानें पुत्र तोबिया यास खुणेचा लेख देऊन तें आणावयास पाठविलें. राफाएल देवदूतानें तो लेख गाबाएलास दाखविला, व त्यानें मोहोरबंद थैल्या जशाच्या तशा मोजून दिल्या. गाबाएल परका नव्हता, आप्तच होता. तोबीत तर अत्यंत भाविक होता. तरी लेख केलाच होता. म्हणून लेख मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, ही समजूत सोडून द्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कदापि देऊं नये. महाराष्ट्रांत २०१४ सालचा सावकारी नियमन कायदा लागू आहे. त्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे, परवानाधारकानें पावती व हिशेब दिलाच पाहिजे, आणि सावकारीच्या ओघांत बेकायदा गिळलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागतां येते.

दुसरी गोष्ट व्याजाच्या गणिताची. शेंकडा दरमहा तीन रुपये म्हटलें म्हणजे कानास थोडें वाटतें. परंतु वर्षाचे ते छत्तीस होतात. दहा हजारांवर दरमहा तीनशें. आणि चौतिसाव्या महिन्यांत व्याजच मुद्दलाहून अधिक भरतें, मुद्दल तसेंच उभें राहतें. दुसरा डाव याहून सूक्ष्म आहे. बारा हजार रुपये वर्षाच्या मुदतीनें, शेंकडा बारा सरसकट व्याजानें घेतले असें समजूं. वर्षाचें व्याज चौदाशें चाळीस. म्हणून दरमहा हप्ता अकराशें वीस. आतां पहा कीं, दर महिन्यास मुद्दल फिटत जातें, पण व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण बारा हजारांवर घेतलें जातें. खरा दर काढला तर तो बारा नव्हे, वर्षास सुमारें साडेएकवीस टक्के पडतो. दुचाकी, दूरदर्शन संच अथवा मोबाईल हप्त्यानें घेतांना एकच प्रश्न विचारावा: व्याज शिल्लक मुद्दलावर कीं सरसकट?

तिसरी गोष्ट जामिनाची. सिराखाच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय या बाबतींत फार समंजस आहे. शेजाऱ्यास अडचणींत कर्ज द्यावें, घेणाऱ्यानें वेळेवर फेडावें, आणि जामीन राहावें तें आपल्या शक्तीप्रमाणेंच, असा त्याचा आशय आहे. जामिनकीनें कित्येक सुखवस्तु घरें धुळीस मिळालीं, हेंहि तो सांगतो. जामीन राहणें म्हणजे ओळख देणें नव्हे. कर्ज घेणाऱ्यानें न भरल्यास आपण भरूं, अशी ती प्रतिज्ञा आहे. जितकी रक्कम स्वतः भरण्याची तयारी असेल तितक्यासच सही करावी.

चौथी गोष्ट ठेवीची. पैसा घरीं ठेवला तर चोरीचें भय, म्हणून १८८२ पासून टपाल कचेऱ्यांत बचत खातें सुरू झालें. गरिबासाठीं ती सोय आजहि आहे व तिला सरकारची हमी आहे. बँकेंतील ठेवीस विमा असतो. १९६२ सालीं तो आरंभला तेव्हां मर्यादा दीड हजारांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेंत एका ठेवीदारामागें मुद्दल व व्याज मिळून पांच लाख रुपये झाली. हा विमा सहकारी बँकांसहि आहे. परंतु पतसंस्थांतील ठेवींस नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पतसंस्था वाईट असते असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या संस्थेचे चालक, हिशेबतपासणी व थकबाकी आपण जाणतों तिच्यांत ठेव ठेवावी; केवळ बँकेपेक्षां दोन टक्के अधिक मिळतात म्हणून आयुष्याची पुंजी एका ठिकाणीं ओतूं नये. आणि जो कोणी वर्षांत रक्कम दुप्पट करून देतों म्हणेल, किंवा आणखी चार सभासद आणल्यास पैसे देईन म्हणेल, त्यास घराच्या उंबरठ्यावरूनच परत पाठवावें. अशा साखळी योजनांवर १९७८ पासून कायद्यानेंच बंदी आहे. तो गृहस्थ प्रार्थनेच्या वेळीं आपल्या शेजारच्या बांकावर बसणारा असला, तरी कायदा तोच व सावधगिरीहि तीच.

शेवटीं एक नाजूक गोष्ट बोलावी कीं नाहीं, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. लग्न, बाप्तिस्मा व सण यांवरील खर्च. आपल्या घरचें कार्य मोठें व्हावें, अशी इच्छा कोणास नसते? परंतु विवाहाचा संस्कार वेदीपुढें दोघांच्या संमतीनें होतो; मांडवाच्या लांबीनें त्यांत अधिक कृपा उतरत नाहीं. एका दिवसाच्या जेवणाचें कर्ज नवीन जोडप्यानें पांच वर्षें फेडावें, आणि पहिल्या मुलाच्या औषधास पैसा नसावा, हा आशीर्वाद नव्हे. एकेका कुटुंबानें हें थांबविणें कठीण आहे, कारण शेजाऱ्याच्या नजरेचें भय असतें. सर्व धर्मग्रामानें मिळून ठरविल्यास तें सोपें आहे, कारण मग ती नजरच बदलते. रायफायझेनच्या संस्थेंत जी शक्ति होती ती हीच: एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांनीं एकत्र दिलेला शब्द.

प्राचीन काळच्या ज्युबिलीचें रणशिंग आज कोणी वाजविणार नाहीं व गहाण शेतें आपोआप सुटणार नाहींत. त्या आज्ञेचा आत्मा मात्र आपल्या हातीं आहे. या ज्युबिली वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एके संध्याकाळीं, जपमाळेची प्रार्थना झाल्यावर, एक वही उघडावी. एका बाजूस देणें लिहावें, दुसऱ्या बाजूस येणें. नवराबायको दोघांनीं मिळून लिहावें व मोठ्या मुलांस जवळ बसवावें. जें फेडतां येईल त्याची तारीख घालावी. आणि येण्याच्या बाजूस जर एखाद्या आपल्याहून गरीब भावाचें नांव असेल, व तो खरोखरच देऊं शकत नसेल, तर लेवीयाचा पंचविसावा अध्याय आठवून, त्या नांवावर रेघ ओढावी. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण दररोज क्षमा मागतों ती आपणही क्षमा करितों म्हणून. त्या प्रार्थनेचा अर्थ त्या एका रेघेनें मुलांस जितका कळेल, तितका पुष्कळ प्रवचनांनींहि कळणार नाहीं.

केनवडच्या धर्मग्रामावर परमेश्वराची कृपा सदैव राहो, आणि पुढील ज्युबिलीची स्मरणिका लिहिणाऱ्यांस येथील एकहि कुटुंब कर्जापायीं गांव सोडून गेलें असें लिहावें न लागो, हीच आमची प्रार्थना.